रेंज फुल, तरी नेट नाही : दूरसंचार शिकायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावात राहते. यंदा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. पूर्ण केले. मोबाइल दूरसंचाराचे तंत्रज्ञान शिकावे अशी फार इच्छा आहे, पण कॉलेजातले शिक्षण ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँपपाशीच थांबले. पुण्याचा एक क्लास तीन महिन्यांत ‘फाइव्ह-जी एक्सपर्ट’ करून देतो म्हणून सव्वा लाख रुपये मागतो. वडील म्हणतात, केळीचे पैसे आले की भरू. पण मुलीला टॉवरवर चढावे लागणार असेल तर नको. शिवाय ते रोज विचारतात, “एवढी शिकलीस, तर घरात रेंज फुल दिसूनही संध्याकाळी नेट का चालत नाही ते सांग, आणि बाजारात बूस्टर मिळतो तो लावू का तेही सांग.” मला दोन्ही सांगता आले नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव

उत्तर : ताई, सव्वा लाखाचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि आधी वडिलांच्या पहिल्या प्रश्नाला हात घालू. त्याचे उत्तर तुम्हाला आपल्याच ओट्यावर बसून, आकड्यांनिशी काढता आले, तर या विद्येचा निम्मा पाया तिथेच घातला जाईल आणि क्लासबद्दलचा निर्णय घ्यायला तुम्हाला माझी गरज उरणार नाही.

फोनच्या कोपऱ्यातील दांड्यांवर प्रथम विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच खाटेवर शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन वेगवेगळ्या दांड्या दाखवू शकतात. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘फोनविषयी’ भागात, सिमच्या स्थितीखाली मिळतो आणि तो ‘उणे ९७ डीबीएम’ अशा स्वरूपात असतो. एक मिलिवॉट शक्ती म्हणजे शून्य डीबीएम, आणि तिथून दर दहा डेसिबल खाली उतरताना शक्ती एक दशांश होत जाते, एवढे ध्यानात ठेवले की उणे १०० डीबीएम म्हणजे मिलिवॉटचा एक हजार कोटीवा भाग, हे तोंडी सांगता येते. इतक्या क्षीण लहरीतून फोन चलच्चित्र उलगडून दाखवतो, याचे मला अजूनही नवल वाटते. फोर-जीमध्ये या आकड्याला ‘आरएसआरपी’ म्हणतात. ढोबळमानाने तो उणे ८५ च्या वर असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास कामचलाऊ, आणि उणे ११५ च्या खाली गेला की नेट रडू लागते व कॉल तुटतात.

मात्र आरएसआरपी एवढेच सांगतो, की तुमच्या टॉवरचा ओळखीचा सिग्नल किती जोरात पोहोचत आहे. तो सिग्नल टॉवर रात्रंदिवस सारख्याच शक्तीने सोडत असतो. सेलवर, म्हणजे टॉवरच्या एका बाजूने सांभाळलेल्या टापूत, एक माणूस असो की तीनशे, त्यात फरक पडत नाही. नेटचा वेग ठरतो तो ‘एसआयएनआर’ या दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे आपल्याला हवा असलेला सिग्नल हा शेजारच्या टॉवरांचा गलबला आणि अंगभूत खरखर यांच्या मानाने किती वर आहे यावर. सारंगखेड्याच्या यात्रेत शेजारी उभा असलेला माणूस ओरडून बोलत असतो, आवाज कानावर पडत असतो, पण भोवतीच्या कलकलाटात शब्द काही लागत नाही, तसा हा प्रकार आहे. संध्याकाळी आजूबाजूची गावे फोन हातात घेऊन बसली, की शेजारचे टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर भरभरून बोलू लागतात. तुमचा आरएसआरपी जागेवरच राहतो, म्हणून दांड्या फुल दिसतात, आणि एसआयएनआर मात्र घसरतो.

या घसरणीची किंमत किती, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्रावरून काढता येते. एखाद्या वाहिनीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील, तर वाहिनीची रुंदी गुणिले, एक अधिक सिग्नल-गोंधळाचे गुणोत्तर यांचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम. दहा मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी घ्या. पहाटे एसआयएनआर २० डेसिबल, म्हणजे गुणोत्तर शंभर असेल, तर कमाल मर्यादा सुमारे ६६ मेगाबिट येते; रात्री नऊ वाजता तोच शून्य डेसिबलवर आला, म्हणजे सिग्नल आणि गोंधळ समसमान झाले, तर मर्यादा दहा मेगाबिटवर उतरते. अनेक अँटेना एकदम वापरून एकाच वाहिनीत दोन-चार प्रवाह पाठवता येतात हे खरे, पण प्रत्येक प्रवाहाला हीच मर्यादा लागू असते. शिवाय हे दहा मेगाबिट तुमच्या एकटीचे नसतात, त्या सेलवरील सर्वांमध्ये वाटले जातात. उलट एसआयएनआर १५ च्या वर असूनही वेग मरगळलेला असेल, तर दोष हवेतला नाही. सेलवर माणसे जास्त आहेत, किंवा टॉवरला मागून जोडणारी मायक्रोवेव्ह डिशची वा फायबरची वाट अरुंद आहे, असे समजावे. वडिलांना हे सांगताना दोन्ही आकडे त्यांना फोनवर दाखवा. नुसत्या शब्दांनी त्यांचे समाधान होईल असे मला वाटत नाही.

आता शिकण्याकडे वळू. एक शंभर पानी वही घ्या आणि ‘नेटवर्क सेल इन्फो’ किंवा ‘जी-नेटट्रॅक’ यांपैकी एखादे मोफत ॲप फोनवर घाला. तारीख, वेळ, जागा, बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा), सेलचा क्रमांक, आरएसआरपी, एसआयएनआर आणि वेग, एवढे रकाने पुरेत. सगळे फोन एसआयएनआर दाखवत नाहीत. तुमचा दाखवत नसेल तर घरातला दुसरा वापरून पाहा. पहाटे, भरदुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, ओट्यावर, गच्चीवर, धाब्याच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये आणि केळीच्या बागेत नोंदी करा. पत्रा सिग्नल जवळजवळ परतवून लावतो. मातीचे धाबे आणि जाड भिंती तो हळूहळू खातात. पाण्याने भरलेली केळीची पानेही खातात, आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ही खादाडी वाढते. बागेची कापणी होण्याआधी आणि झाल्यानंतर एकाच बांधावर उभे राहून घेतलेल्या नोंदी तुम्हाला जे शिकवतील, ते पुण्याच्या वातानुकूलित खोलीत शिकवता येणार नाही.

पंधरवडाभर नोंदी झाल्या की पहिले गणित मांडा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातील टॉवर नकाशावर दिसतात. त्यावरून आपल्या टॉवरचे अंतर काढा. समजा ते तीन किलोमीटर आले आणि फोन ९०० मेगाहर्ट्झवर आहे. मोकळ्या हवेत लहरीची होणारी घट डेसिबलमध्ये मोजायची, तर ३२.४४ अधिक अंतराच्या लॉगॅरिदमची वीसपट अधिक फ्रिक्वेन्सीच्या लॉगॅरिदमची वीसपट. अंतर किलोमीटरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये घ्यायची. उत्तर येते सुमारे १०१ डेसिबल. टॉवरवरील यंत्राची शक्ती वीस वॉट, म्हणजे ४३ डीबीएम, आणि सेक्टर अँटेनाची, म्हणजे एकाच बाजूला लहर सोडणाऱ्या अँटेनाची, वाढ १७ डेसिबल धरली, तर निघताना ६० आणि पोहोचताना उणे ४१. पण ही साऱ्या वाहिनीची शक्ती झाली. फोर-जीची दहा मेगाहर्ट्झची वाहिनी १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या ६०० उपवाहिन्यांत विभागलेली असते आणि आरएसआरपी मोजला जातो तो एका उपवाहिनीपुरता. म्हणून आणखी २८ डेसिबल वजा करा. उणे ६९ आले. तुमच्या वहीत मात्र धाब्याच्या खोलीत उणे ९७ लिहिलेले आहे. मग मधले २८ डेसिबल, म्हणजे सुमारे सहाशे तीसपट शक्ती, गेली कुठे? छत, भिंत, मधली झाडे, गावाकडे पाठ केलेला सेक्टर अँटेना, अँटेनाचा खाली झुकवलेला टिल्ट, असे एकेक संशयित घ्या आणि जागा बदलून बदलून त्याच्या नावावर किती डेसिबल टाकता येतात ते पाहा. नेटवर्कचे नियोजन करणारे आरएफ, म्हणजे रेडिओ-लहरींचे, इंजिनीअर पगार घेऊन हेच करतात, त्याला ते ‘लिंक बजेट’ म्हणतात, आणि मुलाखतीत याबद्दल विचारल्यावर पाठ केलेली उत्तरे देणारा उमेदवार दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

याच सूत्रातून फोर-जी आणि फाइव्ह-जी यांच्या फ्रिक्वेन्सींचा अर्थही उलगडतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. त्याचा मुख्य बँड ३३०० मेगाहर्ट्झपासून वरचा; ढोबळपणे ३५०० धरू. त्याची तुलना ७०० मेगाहर्ट्झशी केली, तर फ्रिक्वेन्सी पाचपट आणि म्हणून, अँटेनांची वाढ सारखीच धरल्यास, त्याच अंतरावर हाती येणारी शक्ती पंचविसावा हिस्सा. ही तूट काही अंशी भरून काढण्यासाठीच फाइव्ह-जीच्या टॉवरवर एका चौकटीत डझनावारी छोटे अँटेना बसवून शलाका फोनच्या दिशेने वळवली जाते. डोंगराची धार ओलांडताना खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर जास्त वाकते, वरच्या फ्रिक्वेन्सीची सावली अधिक गडद पडते. तापीकाठच्या सपाटीवर एक टॉवर जेवढा मुलूख सांभाळतो, तेवढ्यासाठी धडगाव-मोलगीकडच्या दऱ्यांत किती तरी जास्त टॉवर लागतात ते यामुळेच; आणि तिथे प्रत्येक टॉवरपर्यंत वीज व फायबर नेण्याचे दुखणे वेगळेच. जाता जाता, २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा जो मिलिमीटर-लहरींचा बँड नवा म्हणून गाजला, तशा लहरी जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात स्वतःच्या हाताने निर्माण करून दाखवल्या होत्या, आणि त्यांनी साठ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली होती. नवे नाव ऐकून दबून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

लहरीचे वागणे आणि डेसिबलचा हिशेब अंगवळणी पडला, की तिसरी गोष्ट हाती घ्या : एकाच हवेत अनेकांना बोलू देण्याची व्यवस्था. टू-जीपासून सुरुवात करायला कमीपणा मानू नका, कारण तिथे कल्पना उघड्या दिसतात. दोनशे किलोहर्ट्झची एक वाहिनी आठ जणांनी पाळीपाळीने वापरायची, आणि दूरच्या फोनने थोडे आधी बोलायला सुरुवात करायची, म्हणजे सगळे वेळेवर पोहोचतात. ही आधीची वेळ शून्यापासून त्रेसष्टपर्यंतच्या पायऱ्यांत सांगितली जाते, एक पायरी सुमारे साडेपाचशे मीटरची, म्हणून साध्या टू-जी टॉवरचा पल्ला ३५ किलोमीटरवर संपतो, शक्ती कितीही असो. हे समजायला आठवडा पुरे. त्यानंतरचा खरा मुक्काम ‘ओएफडीएम’वर, म्हणजे माहिती शेकडो अरुंद उपवाहिन्यांवर वाटून एकदम पाठवण्याच्या पद्धतीवर, कारण फोर-जी आणि फाइव्ह-जी दोन्ही त्यावर उभे आहेत. यात प्रत्येक चिन्हाच्या, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या लहरीच्या तुकड्याच्या, पुढे त्याच्याच शेपटीचा छोटा तुकडा चिकटवलेला असतो, फोर-जीत साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा. तुमच्या गावामागे सातपुड्याचा कडा आहे. टॉवरची लहर सरळही येते आणि कड्यावर आपटून वळसा घालूनही येते. हा वळसा सुमारे १.४ किलोमीटरच्या आत असेल, तर उशिरा आलेली प्रत त्या चिकटवलेल्या तुकड्यातच जिरते आणि पुढच्या चिन्हात गोंधळ घालत नाही. आधी हे कागदावर आकृती काढून समजून घ्या, मग संगणकावर करून पाहा.

संगणक म्हणजे आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालेल. त्यावर ‘ऑक्टेव्ह’ किंवा ‘पायथन’ मोफत मिळते; चौसष्ट उपवाहिन्यांचा छोटा ओएफडीएम सिग्नल तयार करा, त्यात उशिराची प्रत मिसळा, खरखर घाला आणि बिट परत मिळतात का ते पाहा. गणितापैकी लॉगॅरिदम, संमिश्र संख्या, फूरिए आणि संभाव्यता एवढे ताजे हवे, बी.एस्सी.ला तुम्ही यातले बरेचसे केलेले असेल. व्याख्यानांसाठी ‘एनपीटीईएल’ या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आदित्य जगन्नाथम यांचे वायरलेसवरील अभ्यासक्रम आहेत, ऐकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क. नवी सत्रे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. त्यांचे इंग्रजी जड वाटले तर वेग कमी करून दोनदा ऐका. शब्दसंपदा ठरावीकच असते.

टॉवरच्या मागचे नेटवर्क, म्हणजे सिम ओळखणे, कॉल लावणे, एका टॉवरवरून दुसऱ्यावर हवाली करणे, हेही घरी शिकता येते. ‘ओपन-फाइव्ह-जीएस’ हे फाइव्ह-जी कोअरचे, म्हणजे या मागच्या नेटवर्कचे, आणि ‘यूईरॅनसिम’ हे फोन व टॉवरची नक्कल करणारे, अशी दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत. लिनक्सवर दोन्ही चालवून ‘वायरशार्क’ या नेटवर्कवरचे संदेश उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोनच्या नोंदणीचा एकेक संदेश वाचा. हवेत काहीच सोडले जात नसल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही. अडेल तिथे ‘थ्री-जीपीपी’ या मोबाइलची मानके ठरवणाऱ्या जागतिक मंडळाची मूळ मानके पाहा, फोर-जीची ३६ व्या मालिकेत आणि फाइव्ह-जीची ३८ व्या मालिकेत आहेत, आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येतात.

आता सव्वा लाख. हे सगळे सहा महिने केल्यावर तुम्ही त्या क्लासमध्ये जाऊन चार गोष्टी विचारू शकाल : स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती शक्ती आहे ते दाखवणारे यंत्र) विद्यार्थ्याच्या हातात किती तास देता, ड्राइव्ह टेस्टचे (गाडीतून फिरत सिग्नल मोजण्याचे) सॉफ्टवेअर परवान्याचे आहे का, मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलता येईल का, आणि नोकरीची हमी कागदावर देता का. उत्तरे गुळमुळीत आली तर केळीचे पैसे घरातच राहू द्या. तीन महिन्यांत तज्ज्ञ होणे या क्षेत्रात शक्य नाही. त्याऐवजी बी.एस्सी.नंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. जळगाव, धुळे, शिरपूरकडे कॉलेजे आहेत, आणि तेवढाच पैसा तिथे अधिक काळ पुरेल.

वडिलांना टॉवरबद्दल निश्चिंत करा. टॉवरवर चढणारे रिगर वेगळे असतात. त्यांना उंचीवरच्या कामाचे प्रशिक्षण आणि सुरक्षापट्टा लागतो, आणि ते काम कौशल्याचे असले तरी तुमच्यासाठी ती एकच वाट नाही. आरएफ नियोजन, नेटवर्क देखरेख केंद्र, कोअरचे सॉफ्टवेअर, चाचणी, ही कामे लॅपटॉपवरची आहेत. ड्राइव्ह टेस्टला गाडीतून फिरावे लागते, एवढेच. प्रामाणिकपणे सांगायचे तर नियोजनाच्या व सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या पुणे, मुंबई, बेंगळुरूकडे जास्त. खान्देशात टॉवरची देखभाल आणि फायबर जोडणी जास्त. अपवाद रेल्वेचा. भुसावळ हा मध्य रेल्वेचा विभाग आहे; २०२१ साली केंद्राने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमधील पाच मेगाहर्ट्झ स्वतंत्र दिले आहेत आणि गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणाही रेडिओवर चालते, त्यामुळे सिग्नल व दूरसंचार शाखेत हे ज्ञान उपयोगी पडेल. तिथल्या टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नल पदासाठी इलेक्ट्रॉनिक्समधील बी.एस्सी. धरली जाते, पुढच्या जाहिरातीत पात्रता वाचून अर्ज करा.

हात चालवायला घरचीच बाग आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. त्या पट्ट्यातले लोरा मॉड्यूल (कमी शक्तीत छोटे संदेश दूर पाठवणारा रेडिओ), एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि जमिनीतील ओल सांगणारा संवेदक जोडून बागेतून घरापर्यंत आकडा आणून दाखवा, म्हणजे ठिबक कधी सोडायचे हे वडिलांना ओट्यावर कळेल. मात्र मॉड्यूल घेताना भारतातला पट्टा पाहूनच घ्या, कारण बाजारात परदेशी पट्ट्यांचेही येतात. अधिक शक्तीने स्वतः प्रक्षेपण करायचे असेल तर हौशी रेडिओचा परवाना काढा. त्याची परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते.

राहिला बूस्टर. तो घेऊ नका. परवानगीशिवाय मोबाइल सिग्नलचा बूस्टर बाळगणे वा लावणे बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण तुम्हाला आता समजण्यासारखे आहे. असे यंत्र टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलबरोबर उलट दिशेने जाणारी खरखरही वाढवून टॉवरकडे फेकते; तिकडे दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकू येईनासा होतो आणि अख्ख्या शिवाराची रेंज बिघडते. शिवाय तुमची अडचण बहुधा एसआयएनआरची आहे. बूस्टर सिग्नलबरोबर गलबलाही तितकाच वाढवणार, म्हणजे दांड्या वाढतील आणि नेट आहे तिथेच राहील. घरी फायबर ब्रॉडबँड येत असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. येत नसेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम आठवडाभर आणून त्याचे रात्री नऊचे एसआयएनआर वहीत लिहा, आणि ज्या कंपनीचा आकडा वर आला तिचे कार्ड वडिलांच्या फोनमध्ये घाला.